मोटर नाही, ब्रेक नाही: सेकंदाला १५ हजार फेऱ्या घेणारा भोवरा काबूत ठेवतात कसा?

१९९८ साली एचआयव्हीवरच्या रिटोनाविर या औषधाच्या कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. भेसळ नव्हती. रेणूही तोच होता. पण कॅप्सूलच्या आत तो रेणू एका नव्याच स्फटिकरूपात साकळायला लागला होता आणि हे रूप आधीच्या मानाने फारच कमी विरघळायचं. औषध पोटात गेलं, पण विरघळलंच नाही, तर रक्तात पोचणार कसं?

रेणू तोच, पण मांडणी वेगळी. असा फरक शोधायचा तर नमुना पाण्यात विरघळवून चालत नाही, कारण विरघळवला की मांडणीच मोडते. म्हणजे पदार्थ घन असतानाच त्याच्या आत डोकावायला हवं. हे काम करणाऱ्या मोजक्या पद्धतींपैकी एक म्हणजे घन पदार्थांचं एनएमआर. यात औषधाची पूड एका इवल्याशा नळीत भरतात आणि ती नळी भोवऱ्यासारखी फिरवतात. सेकंदाला दहा-पंधरा हजार फेऱ्या. हा भोवरा नुसता वेगात फिरून भागत नाही, त्याचा वेग तासन् तास जवळपास जराही हलता कामा नये. ते कसं साधतात, त्याचीच ही गोष्ट.

आधी फिरवायचंच कशाला?

एनएमआर म्हणजे न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स. दवाखान्यातल्या एमआरआयच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. नमुना ताकदवान चुंबकात ठेवायचा, त्यावर रेडिओ लहरी सोडायच्या आणि अणूंची केंद्रकं उलट कोणता सूर लावतात ते ऐकायचं. एकाच रेणूतल्या दोन कार्बन अणूंचे सूरही किंचित वेगळे असतात, कारण प्रत्येकाचा शेजार वेगळा असतो. या सुरांवरून रेणूची ठेवण कळते.

द्रवात हे सूर सुईसारखे टोकदार मिळतात. द्रवातले रेणू सतत गिरक्या घेत असतात, त्यामुळे कोण कुठल्या दिशेला तोंड करून आहे याचा हिशेब आपोआप सरासरीत बुडून जातो. घन पदार्थात मात्र प्रत्येक कण आपल्या जागी घट्ट बसलेला. एक कण उत्तरेकडे तोंड करून, दुसरा पूर्वेकडे, तिसरा भलतीकडेच. प्रत्येकाचा सूर त्याच्या दिशेप्रमाणे वेगळा, आणि सगळे एकाच वेळी गाणार. शिवाय शेजारची केंद्रकं एकमेकांना सतत ढोसत असतात ते वेगळंच. हाती येतो तो सुरांचा नुसता पसरट ढिगारा.

उपाय काय? रेणू स्वतःहून फिरत नाहीत, तर आपण अख्खा नमुनाच फिरवायचा. मात्र कसाही फिरवून चालत नाही. चुंबकीय क्षेत्राच्या दिशेशी ५४.७४ अंशांचा कोन करणाऱ्या अक्षाभोवतीच फिरवायला लागतो.

हा विचित्र आकडा आला कुठून? सापशिडीतला फासा घ्या. तो एका कोपऱ्यावर उभा धरा, म्हणजे एक कोपरा खाली आणि त्याच्या बरोबर विरुद्ध कोपरा वर. या दोन कोपऱ्यांतून जाणाऱ्या रेषेभोवती फासा फिरवलात, तर त्याची लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशा आळीपाळीने एकमेकींची जागा घेतात. तिघींना सारखाच वाटा मिळतो, कुणी वरचढ होत नाही. त्या कर्णाचा फाशाच्या कडेशी होणारा कोन म्हणजेच ५४.७४ अंश. नमुना या कोनात फिरला की त्याच्या दृष्टीने चुंबकीय क्षेत्र तिन्ही दिशांनी सारखंच येत राहतं आणि द्रवात जे फुकटात घडतं, त्याची बऱ्यापैकी नक्कल होते.

ही युक्ती १९५८-५९ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे पुढे आली. वेल्समधल्या बँगोरला रेमंड अँड्र्यू आणि त्यांचे सहकारी, आणि अमेरिकेत अर्व्हिंग लोव. नेदरलँड्सचे भौतिकशास्त्रज्ञ खॉर्टर यांनी या कोनाला ‘मॅजिक’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते कायमचंच. आज हे तंत्र मॅजिक अँगल स्पिनिंग म्हणून ओळखलं जातं. १९७६ मध्ये जेकब शेफर आणि एडवर्ड स्टेस्कल यांनी कार्बनचा क्षीण संदेश वाढवण्याच्या दुसऱ्या एका युक्तीशी त्याची जोड घातली, आणि मग प्लास्टिकपासून प्रथिनांपर्यंत सगळं या भोवऱ्यात बसायला लागलं.

हवेवर तरंगणारी नळी

नमुन्याच्या नळीला रोटर म्हणतात. ती झिर्कोनिया या चिवट सिरॅमिकची असते. नेहमीच्या वापरातला रोटर ४ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे साध्या पेन्सिलीपेक्षा बराच बारीक. त्यात काही दहा मिलिग्रॅम पूड मावते. वरच्या टोकाला प्लास्टिकचं टोपण आणि त्या टोपणालाच पंख्यासारखी बारीक पाती कोरलेली.

मोटर लावता येत नाही. अनेक टेस्लाच्या चुंबकाच्या पोटात विजेची मोटर नीट चालणार नाही, आणि आसपास धातूचे भाग फिरले तर मोजायचा तो नाजूक संदेशच बिघडेल. म्हणून सगळं काम हवेवर. दाबाखालच्या कोरड्या हवेचे किंवा नायट्रोजनचे दोन वेगवेगळे प्रवाह असतात. पहिला प्रवाह बारीक भोकांतून रोटरच्या अंगाला चहूबाजूंनी लागतो आणि त्याला अधांतरी तोलून धरतो. हा बेअरिंगचा प्रवाह. रोटर आणि भिंत यांच्यातली फट केसाच्या जाडीहूनही कमी, पण तेवढ्या फटीत हवेचं वंगण असतं. दुसरा प्रवाह टोपणाच्या पात्यांवर फुंकर मारून रोटर फिरवतो. हा ड्राइव्हचा प्रवाह.

दाताच्या डॉक्टरांकडे तो शिट्टी मारणारं ड्रिल आठवतंय? तेही हवेच्या टर्बाइनवरच चालतं आणि मिनिटाला साधारण चार लाख फेऱ्या मारतं. ४ मिलिमीटरचा रोटर सेकंदाला १५ हजार फेऱ्या घेतो म्हणजे मिनिटाला नऊ लाख. त्याची बाहेरची भिंत ताशी जवळजवळ ६८० किलोमीटर वेगाने धावत असते. आतल्या भिंतीशी दाबली गेलेली पूड पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १३ लाख पट ओढ सोसते. एक मिलिग्रॅमचा कण तिथे सव्वा किलोचा होऊन बसतो. म्हणूनच पूड एका बाजूला जराशी जास्त भरली गेली, तर तो फरक आपल्याला दिसत नसला तरी रोटरला चांगलाच जाणवतो.

वेग मोजतो एक काळा पट्टा

वेग काबूत ठेवायचा तर आधी तो कळायला हवा. एवढ्या महागड्या यंत्रात त्यासाठी काय वापरतात? काळं मार्कर पेन! रोटरच्या खालच्या कडेचा अर्धा घेर काळा रंगवतात, अर्धा पांढरा ठेवतात. प्रकाशतंतूने कडेवर उजेड पाडायचा. पांढरी बाजू समोर आली की उजेड परततो, काळी आली की परतत नाही. उजेड-अंधाराची एक जोडी म्हणजे एक फेरी. तारेऐवजी प्रकाशतंतू असल्यामुळे एनएमआरच्या संदेशात विजेची खरखरही मिसळत नाही.

हा आकडा कंट्रोलरकडे जातो. समजा हवा आहे १०,००० चा वेग आणि मोजला गेला ९,९६०. मग ड्राइव्हची झडप थोडी उघडायची, एवढं सोपं. पण इथेच गोची आहे.

बाथरूममध्ये गरम-गार पाणी मिसळताना काय होतं ते आठवा. पाणी गार लागलं म्हणून गरम नळ सोडला, लगेच फरक पडला नाही म्हणून आणखी सोडला, आणि मग एकदम चटका. नळ आणि पाणी यांच्यामध्ये उशीर आहे, चूक त्याची. रोटरचंही तसंच. झडप उघडल्यावर नळीतल्या हवेचा दाब वाढायला वेळ लागतो, मग पात्यांना जोर मिळतो, मग वेग चढतो. आणि चढलेला वेग उतरवायला ब्रेक नाही. ड्राइव्ह कमी करायचा आणि हवेच्या घर्षणाने वेग आपसूक खाली यायची वाट बघायची, एवढंच हातात.

म्हणून कंट्रोलर एकाच वेळी तीन प्रश्न विचारतो. आत्ता वेग किती कमी-जास्त आहे? ही तफावत किती वेळ टिकून आहे? आणि ती किती झपाट्याने मिटते आहे? पहिल्याच्या उत्तराप्रमाणे झडप लगेच हलते. दुसऱ्यामुळे बारीकशी पण चिकटून बसलेली तफावत हळूहळू खोडून काढली जाते. तिसरा प्रश्न लगाम खेचतो: वेग लक्ष्याकडे जोरात धावत असेल तर पोचण्याआधीच झडप आवळायची. कारखान्यातल्या भट्टीपासून ड्रोनपर्यंत सगळीकडे हीच रीत असते, तिला पीआयडी म्हणतात. या तिघांचं प्रमाण जुळलं नाही तर वेग लक्ष्याच्या खाली-वर झोके घेत बसतो.

त्यात एक भानगड म्हणजे बेअरिंगची हवाही वेगाप्रमाणे बदलावी लागते. वेग जास्त आणि बेअरिंगचा दाब कमी, तर रोटर भिंतीला घासतो. वेग कमी आणि दाब भलताच जास्त, तरी रोटर थरथरतो. भोवरा सोडताना पहिले काही क्षण तो कसा डुलतो आणि मग ‘झोपतो’, तसं रोटरचंही काही ठरावीक वेगांना डुलणं होतं. त्या टप्प्यांवर रेंगाळायचं नाही, पटकन पुढे जायचं. चांगला कंट्रोलर दोन्ही दाब एकमेकांच्या पावलाप्रमाणे चढवत नेतो.

दहा फेऱ्यांनी काय बिघडतं?

दहा हजारांत दहाची चूक म्हणजे ०.१ टक्का. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. आधी सोपी बाजू बघू. नमुना फिरवल्यावर मुख्य सुराच्या दोन्ही बाजूंना त्याच्या प्रतिध्वनीसारख्या छोट्या रेषा उमटतात, आणि त्या बरोबर फिरण्याच्या वेगाइतक्या अंतरावर असतात. प्रयोग अनेकदा रात्रभर चालतो, हजारो मोजण्या एकावर एक रचल्या जातात. वेग डगमगला की या बाजूच्या रेषा जागा बदलत राहतात आणि बेरजेत पसरट होतात. याच रेषा चांगल्या कामीही येतात: त्यांचं अंतर मोजलं की रोटरचा वेग खुद्द संदेशातूनच पडताळता येतो.

खरा फटका बसतो तो अणूंमधलं अंतर मोजताना. गंमत अशी की फिरवल्यामुळे अणूंची एकमेकांवरची जी ओढ पुसली जाते, तीच ओढ अंतर सांगत असते! म्हणून १९८९ मध्ये टेरी गुलियन आणि जेकब शेफर यांनी रेडॉर नावाची रीत काढली. प्रत्येक फेरीत दोनदा, नेमून दिलेल्या क्षणी रेडिओ लहरीचा एक ठोका द्यायचा, म्हणजे पुसलं गेलेलं तेवढंच हवं ते परत उमटतं. ठोका आणि फेरी यांचा ताल जमला पाहिजे, तबला आणि नाचाचा जमतो तसा.

आता हिशेब करा. कार्बन आणि नायट्रोजन एकमेकांना चिकटून असले, तर त्यांच्यातली ओढ सेकंदाला सुमारे ९०० आवर्तनांची असते. पण ती अंतराच्या घनाप्रमाणे घटते. अंतर ५ अँगस्ट्रॉम झालं, म्हणजे एका मिलिमीटरचा वीस लाखावा भाग, की ती उरते जेमतेम २५. एवढी क्षीण ओढ दिसायला ४० मिलिसेकंद वाट पाहावी लागते. १०,००० च्या वेगाला तेवढ्या वेळात ४०० फेऱ्या होतात. वेगात ०.१ टक्का फरक असेल तर ४०० फेऱ्यांअखेर ठोका आणि रोटर यांच्यात ०.४ फेरीची फारकत पडते. अर्ध्या फेरीला पडायचा ठोका भलत्याच जागी पडतो आणि आपण काढलेलं अंतर चुकतं. वेग ±२ मध्ये राखला तर ही फारकत ०.०८ फेरीपर्यंत आटोक्यात राहते.

अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड तंतूंची आतली घडी कशी असते, याचं एक महत्त्वाचं चित्र २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या रॉबर्ट टायको यांच्या गटाने मांडलं, तेही घन एनएमआरच्या मोजमापांवर. हे तंतू विरघळत नाहीत, मोठे स्फटिकही बनवत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या पद्धती तिथे हात टेकतात.

यंत्रांच्या जाहिरातीत कमाल वेग मोठ्या अक्षरात छापतात आणि स्थिरता खाली बारीक टाइपात. वापरणाऱ्याने उलटं वाचावं, असं माझं मत आहे.

कंट्रोलरला फसवणाऱ्या गोष्टी

सगळ्यात धोकादायक आहे तो काळा पट्टा पुसला जाणं. तो पुसला, प्रकाशतंतूच्या टोकावर धूळ बसली, की मोजणी शून्य दाखवते. कंट्रोलर साधाभोळा असेल तर त्याला वाटणार, रोटर थांबला, आणि तो ड्राइव्हची झडप आणखी उघडणार. प्रत्यक्षात रोटर पूर्ण वेगात आहे! अशाने वेग मर्यादेबाहेर जाऊन रोटर फुटू शकतो. म्हणून ड्राइव्हच्या दाबाला वरची हद्द घालून ठेवतात, आणि धावत्या रोटरचा संदेश एकाएकी गायब झाला तर ‘थांबला’ असं न मानता ‘काहीतरी बिनसलंय’ असं मानून ड्राइव्ह कापणं हेच शहाणपणाचं ठरतं. पट्ट्यावर मार्करचा एखादा जास्तीचा ठिपका राहून गेला, तर एका फेरीच्या दोन मोजल्या जातात. त्याचा घोळ वेगळाच.

दुसरा फसवणारा कंप्रेसर. तो चालू-बंद होत असतो, त्याबरोबर हवेचा दाब वर-खाली होतो आणि वेगाला एक संथ हेलकावा लागतो. कंट्रोलर बिघडलाय असं वाटून लोक आकडे बदलत बसतात, आणि दोष असतो भिंतीपलीकडच्या खोलीत. मध्ये मोठी टाकी आणि चांगला रेग्युलेटर असला की हा त्रास बहुतेक मिटतो. हीच टाकी वीज गेल्यावरही उपयोगी पडते. हवा एकाएकी बंद झाली तर पूर्ण वेगातला रोटर सरळ भिंतीवर आपटेल. टाकीत हवा शिल्लक असेल आणि कंट्रोलर यूपीएसवर असेल, तर त्याला सावकाश खाली आणता येतं. हवेत ओलावा किंवा तेलाचा अंश नको, तेही बेअरिंगच्या बारीक भोकांसाठीच.

तिसरी गोष्ट म्हणजे उष्णता. हवेच्या घर्षणाने रोटर तापतो, आणि छोट्या, वेगवान रोटरमध्ये नमुना काही दहा अंशांनी गरम होतो. प्रथिनाला हे घातक ठरू शकतं. आत थर्मामीटर घालता येत नाही, म्हणून लेड नायट्रेटची पूड फिरवून बघतात: त्यातल्या शिशाचा सूर तापमानाप्रमाणे ठरावीक प्रमाणात सरकतो, त्यावरून आतलं खरं तापमान कळतं. वेग बदलला की तापमानही बदललं, म्हणून स्थिर वेगाला आणखी एक कारण.

कोनही अधूनमधून तपासावा लागतो. त्यासाठी पोटॅशियम ब्रोमाइड ही साधी क्षाराची पूड फिरवतात. ब्रोमीनच्या संदेशात प्रत्येक फेरीला एक टोक उमटतं. ही टोकं जितकी लांबवर टिकतील तितका कोन अचूक. यंत्राच्या तळाशी असलेला स्क्रू पाव-पाव वळण फिरवत ती टोकं वाढवत न्यायची, हे काम बघायला गेलं तर रेडिओचं स्टेशन लावण्यासारखंच.

आणखी वेगात

वेग वाढवायचा तर रोटर बारीक करायला लागतो, कारण भिंतीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ गेला की हवा साथ सोडते. १.३ मिलिमीटरचा रोटर सेकंदाला ६७ हजार फेऱ्या घेतो, ०.७ मिलिमीटरचा १ लाख ११ हजार, म्हणजे मिनिटाला सहासष्ट लाखांहून जास्त. त्यात नमुना मावतो एक मिलिग्रॅमहूनही कमी. हेलियममध्ये ध्वनीचा वेग हवेच्या जवळपास तिप्पट, म्हणून काही ठिकाणी हेलियमवर फिरवतात. एमआयटीत लेझरने कोरलेले हिऱ्याचे रोटर बनवले गेले आहेत, तर अलेक्झांडर बार्न्स यांच्या गटाने नळीऐवजी गोळाच फिरवून दाखवला.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झिओलाइटसारखे उत्प्रेरक या पद्धतीने तपासण्याचं काम बरीच वर्षं चालत आलं आहे, आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे.

प्रयोग संपल्यावरचा क्रम मात्र रोटर केवढाही असो, एकच. आधी ड्राइव्ह कमी करायचा, बेअरिंग चालूच ठेवायचं. रोटर हळूहळू थांबू द्यायचा. पूर्ण थांबला याची खात्री झाल्यावरच बेअरिंगची हवा बंद. मग टोपण काढून आत पाहिलं, तर पूड मऊ असल्यास ती भिंतीला घट्ट लिंपलेली सापडते आणि मधोमध आरपार पोकळी.